जुळणीचं तोंड कोणी बंद केलं?

१

इस्पितळाचा अख्खा हिवाळा गायब झाला होता. थंडीच्या महिन्यांत तिथे आलेला प्रत्येक पेशंट, त्याचा आजार, त्याला चालू केलेली औषधं, कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे याच्या नोंदी, सगळं साफ. तिथल्या कारकुनाला जुनी डिस्क बदलायची होती, म्हणून त्याने आधी बॅकअप घेतला. स्क्रीनवर शब्द आला, 'पूर्ण'. कारकून काळजी घेणारा माणूस. त्याने तो शब्द पुन्हा एकदा वाचला आणि मगच जुनी डिस्क पुसली. नंतर बॅकअप उघडून बघतो तर आत हिवाळा नव्हताच. बॅकअप मध्येच अडकून थांबला होता. तो पूर्ण नव्हता, अर्धवट होता, आणि स्क्रीन धडधडीत खोटं बोलली होती.

आता तिथल्या नर्सेस घरोघरी फोन करून विचारत होत्या, "आम्ही तुम्हाला कुठलं औषध दिलं होतं, आठवतंय का हो?"

हा डेटाबेस ज्या कंपनीने बनवला, तिथे त्या सकाळी प्रत्येकजण दुसऱ्याच्या टेबलाकडे बघत होता. कंपनीच्या साहेबांनी दार लावून घेतलं आणि चाळणबाईंना बोलावलं.

चाळणबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. इतरांनी लिहिलेला कोड बाहेर पडण्याआधी वाचायचा, खडे वेचून काढायचे, हे त्यांचं काम. त्यांच्या हाताखालून खडा सुटत नाही म्हणून कुणीतरी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. बाई एकट्या राहत. ऑफिसातही कोपऱ्यात बसत. शेजारची खुर्ची तात्यांची होती, आणि तात्या काही महिन्यांपूर्वी वारले. रोज सकाळी दोघं चहा घेत, फारसं न बोलता. आता बाई एकट्याच चहा घेत. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. असलं काही सांगायचं ते तात्यांनाच सांगायची सवय होती.

"बाई," साहेब म्हणाले, "दुपारच्या बैठकीत मला एका माणसाला काढून टाकायचंय. पत्र तयार आहे. सही करण्याआधी एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ दे."

पत्रावर नव्या मुलीचं नाव होतं. आणि कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'जाणूनबुजून'.

२

भानगड समजायला फार हुशारी लागत नाही. डेटाबेसच्या आत प्रत्येक बॅकअपची अवस्था आकड्याने ठेवलेली असते. एका फाइलमध्ये आकड्यांची यादी: पहिला म्हणजे 'सुरू', दुसरा म्हणजे 'पूर्ण', तिसरा म्हणजे 'बिघडलेला'. दुसऱ्या एका फाइलमध्ये, बरीच लांब, स्क्रीनवर दाखवायच्या शब्दांची यादी. दोन्ही याद्या एकाच क्रमाने चालल्या पाहिजेत. एकीत काही घातलं की दुसरीतही घालायचं. नव्या मुलीने पहिल्या यादीत 'सुरू'च्या खाली एक नवी अवस्था घातली, 'अर्धवट'. दुसऱ्या यादीत घालायला विसरली. झालं! तिथून खालचे सगळे शब्द एकेक घर सरकले. अर्धवट बॅकअप 'पूर्ण' म्हणून मिरवायला लागले. ज्यांचे बॅकअप धडधाकट होते त्यांना 'बिघडलेला' दिसलं, आणि ते सकाळपासून फोनवर शिव्या घालत होते. इस्पितळाला मात्र जो शब्द दिसला त्यावर त्यांनी विश्वास ठेवला.

"विसरणं मी समजू शकतो," साहेब म्हणाले. "विसरणाऱ्यांसाठीच तर तात्यांनी 'जुळणी' लिहिली होती."

जुळणी ही तात्यांची फाइल. नुसती पहारेकरी. कोडपासून विकण्याजोगा डेटाबेस बनवायचा, म्हणजे बिल्ड करायचं, की त्या वेळी जुळणी अशा सगळ्या जोडयाद्या शेजारी शेजारी धरून बघायची. कुठे कमीजास्त दिसलं की बिल्ड तिथेच बंद, स्क्रीन लालभडक, आणि त्यावर तात्यांनी स्वतः लिहिलेला ओरडा. 'अरे शहाण्या, दोन याद्या जुळत नाहीत,' अशी त्याची सुरुवात. ऑफिसात निम्म्या लोकांना ती पाठ होती. ओरडा झाला की तात्यांच्या टेबलावर घंटी वाजायची, तात्या उठून चपला ओढत निघायचे, आणि बाई मागून विचारायच्या, "आज कुणाची विकेट?" बाईंना स्वतःला तो ओरडा कधी खावा लागला नव्हता. त्या कोड वाचत, बिल्ड करत नसत; याद्यांची जुळवाजुळव त्यांनी जुळणीवरच सोपवली होती.

"मग जुळणी ओरडली का नाही?" बाईंनी विचारलं.

"कारण जुळणी बिल्डमध्ये नव्हतीच. बिल्डमध्ये कुठल्या फायली घ्यायच्या त्याची एक यादी असते ना, त्यातून कुणीतरी तिचं नाव उडवलंय. या मुलीचं काम आत यायच्या आधी."

"कुणी?"

"तीच तर गंमत आहे. नोंदीत माणसाचं नाव नाही. बिल्ड-मशीनचं खातं वापरलंय. त्याचा पासवर्ड तिघांकडे. रिलीजवाला, बिल्ड सांभाळणारा चिरंजीव, आणि ही मुलगी." साहेबांनी पत्रावर बोट ठेवलं. "रिलीजवाल्याचं म्हणणं सरळ आहे. हिला ओरडा नको होता, म्हणून हिने आधी पहारेकऱ्याला वाटेतून हटवलं."

बाईंना पत्रातला तो एक शब्द खुपत होता. विसरलेल्या माणसाला दुसरीकडे नोकरी मिळते. 'जाणूनबुजून' लिहिलेलं पत्र घेऊन फिरणाऱ्याला कुणी दारात उभं करत नाही.

"बैठकीपर्यंत सही करू नका," त्या म्हणाल्या.

३

रिलीजवाला उभ्या उभ्याच बोलला. त्याला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. नवी आवृत्ती वेळेवर बाहेर काढणं हे त्याचं काम, आणि घड्याळ हा त्याचा एकमेव देव.

"बाई, मला कशाला विचारता? मी फक्त दिवा बघतो. हिरवा असला की माल बाहेर."

"आणि लाल असला की?"

"लाल असला की चिरंजीवला फोन. तो बघतो काय ते."

"जुळणीचा लाल तुम्ही कधी पाहिलाय?"

"पाहिला असेल. काहीतरी एरर नंबर येतो ना? शंभर नंबर येतात, मी कुठे लक्षात ठेवू?"

बाईंनी मान डोलावली. ज्याने जुळणीचा ओरडा एकदा जरी पाहिला असेल, तो त्याला नंबर म्हणणार नाही. हा माणूस नाकाने कितीही कांदे सोलो, त्या फाइलशी त्याची ओळखच नव्हती. बिल्डच्या यादीतून नेमकं तिचं नाव वेचून काढायला आधी ती आहे हे माहीत हवं.

म्हणजे संशयित उरले दोन.

नवी मुलगी जिन्याखालच्या छोट्या खोलीत बसली होती. तिने टेबल आधीच आवरून ठेवलं होतं. पिशवीत पाण्याची बाटली, शाल, एक कंगवा. इतकंच तिचं या ऑफिसातलं सामान होतं.

"मॅडम, चूक माझीच आहे," ती लगेच म्हणाली. "दुसरी यादी राहिली. मी नाही म्हणणार नाही. पण ती फाइल मी काढली नाही हो. मी तर त्या फाइलच्या भरवशावर होते."

"भरवशावर म्हणजे?"

"पहिल्याच दिवशी सगळ्यांनी सांगितलं होतं, यादीला घाबरू नकोस, चुकलीस तर तात्यांचा ओरडा बसेल. मी तात्यांना पाहिलेलं नाही. मी आले त्याच आठवड्यात ते गेले. इथे माझ्याशी कामापलीकडे कुणी बोलत नाही, मॅडम. मला वाटायचं, निदान तो ओरडा तरी एकदा खाऊन बघू." ती कसनुसं हसली. "त्या दिवशी बिल्ड केलं, हिरवं आलं. मला चुकचुकल्यासारखं वाटलं, काहीतरी राहिलंय. म्हणून परत केलं. परत हिरवं. मग मी विश्वास ठेवला."

बाईंनी मशीनची नोंद उघडून पाहिली. मुलगी खरं बोलत होती. काहीही न बदलता, हिरवं आलेलं बिल्ड तिने पुन्हा चालवलं होतं.

ज्याने पहारेकऱ्याचं तोंड आपल्या हाताने बंद केलंय, तो त्याच्या तोंडाशी कान कशाला नेईल?

बाई जायला उठल्या. दारात थांबून त्यांनी विचारलं, "मशीनचा पासवर्ड तुला कुणी दिला?"

"चिरंजीव सरांनी. ते कामावर परत आले त्या दिवशी. मी दार वाजवलं तर आत खूप वेळ कुणी बोललंच नाही. मग त्यांनी दार उघडलं, कागदावर पासवर्ड लिहून दिला आणि परत लावून घेतलं. ते रागावलेत असंच मला वाटलं."

"दिवस कुठला, आठवतो?"

मुलीने सांगितला. जुळणीचं नाव यादीतून उडालं तो दिवस हाच होता.

४

चिरंजीव हा तात्यांचा मुलगा. बाप आणि मुलगा एकाच ऑफिसात म्हटल्यावर थट्टा व्हायचीच, म्हणून सगळे त्याला चिरंजीव म्हणत. मशीनच्या खोलीत तो दिवसभर एकटा असे. खोली गार, सतत घुं घुं आवाज, खिडकी नाही. डबाही तिथेच खायचा. तात्या असताना दुपारी दार ढकलून आत जायचे. आता ते दार कुणी ढकलत नव्हतं. बाईंनीही नाही, आणि आज त्या दारावर हात ठेवताना त्यांना त्याची शरम वाटली. दोन माणसं एकाच जिवलगाला मुकली होती, आणि मधला पॅसेज ओलांडायचं दोघांनाही सुचलं नव्हतं.

"ये ना मावशी," तो म्हणाला. स्वतःची खुर्ची त्याने पुढे केली आणि आपण खोक्यावर बसला.

"जुळणीबद्दल विचारायला आलेय."

"तात्यांच्या फाइलला मी हात लावलेला नाही," तो म्हणाला. फार पटकन म्हणाला.

"बरं. मग कुणी काढली असेल असं तुला वाटतं?"

"मला काय माहीत! मी मशीन बघतो. साफसफाई करतो, जुनं काढतो, नवं घालतो." त्याने मान वर केली नाही. "ती मुलगी जाणार आहे का?"

"दुपारी."

"नुसती विसरली म्हणून?"

"जाणूनबुजून केलं म्हणून."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. बाईंनी ते पाहिलं, पण चेहऱ्यावर जाऊन निकाल लावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कोड काय म्हणतो ते आधी, माणूस काय म्हणतो ते नंतर.

त्या आपल्या कोपऱ्यात परतल्या आणि त्या दिवशीची नोंद पहिल्यापासून वाचायला घेतली. मशीनच्या खात्यावरून त्या सकाळी दोन बदल झाले होते. जुळणीचं नाव काढणं हा दुसरा. साहेबांनी आणि रिलीजवाल्याने तेवढाच पाहिला होता. त्याच्या जरा आधी आणखी एक बदल होता, एका ओळीचा, अगदी निरुपद्रवी. दोघांनी एकाच वेळी बदलू नयेत म्हणून डेटाबेसमध्ये नोंदींना कुलपं लागतात, त्या कुलपांच्याही अशाच दोन याद्या आहेत. त्यांतल्या एकीत एक शब्द कमी पडला होता. कुणीतरी तो बरोबर जागी नीट घातला होता.

बाई खुर्चीत सावरून बसल्या. म्हणजे त्या सकाळी दोन याद्या जुळत नव्हत्या. म्हणजे त्या सकाळी जुळणी ओरडली होती.

त्यांनी तात्यांची फाइल उघडली. इतक्या वर्षांत कितीदा वाचली असेल, पण ती तुलनेची, कामाची बाजू. ओरड्याचा मजकूर तळाशी होता आणि मजकूर वाचणं हे चाळणबाईंचं काम नव्हतं. आज त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला.

मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. कुणी केलं ते त्यांना कळलं होतं. का केलं तेही कळलं होतं, आणि न कळतं तर बरं झालं असतं असं त्यांना मनापासून वाटलं.

५

मशीनच्या खोलीत चिरंजीवचा डबा उघडा होता आणि घास घेतलेला नव्हता.

"तू मघाशी खोटं बोलला नाहीस," बाई म्हणाल्या. "फाइलला तू हात लावला नाहीस. जुळणी ज्याला नुसती अडचण वाटली असती, त्याने फाइल पुसली असती. नाहीतर आतल्या ओळी बंद केल्या असत्या, तेच सोपं. या माणसाने फाइलमधलं एक अक्षर हलवलं नाही. नुसतं यादीतून नाव काढलं. आणि त्याच्याही आधी त्याने काय केलं माहीत आहे? जुळणीने दाखवलेली चूक दुरुस्त केली. कामचुकार माणूस तसं करत नाही रे. आधी सांगितलेलं ऐकलं, आणि मग सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं. असं परक्या माणसाच्या बाबतीत कुणी करत नाही."

मशीन घुं घुं करत राहिलं.

"त्यांनी शेवटी काय लिहिलंय ते मी आज वाचलं," बाई म्हणाल्या.

"मी त्या दिवशी कसाबसा वेळ काढायचा म्हणून आलो होतो, मावशी," चिरंजीव म्हणाला. "घरी बसवत नव्हतं. सगळे भेटायला येऊन गेले, घर रिकामं झालं. म्हटलं इथे कुणी काही विचारणार नाही. ऑफिसात कुणी यायच्या आधीच मशीन चालू केलं, सकाळचं बिल्ड लावलं, आणि स्क्रीन लाल झाली. 'अरे शहाण्या.' त्यांचाच आवाज. पुढे लिहिलेलं, घाबरू नकोस, कशाला हात लावू नकोस, बसल्या जागी थांब. मी येतोय."

त्याने डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं.

"आणि मी थांबलो गं. खरंच थांबलो. चपलांचा आवाज येईल म्हणून कान देऊन बसलो. किती वेळ ते माहीत नाही. तेवढ्यात दार वाजलं. मावशी, मला उठायचं धैर्यच होईना. उघडून बघतो तर ती मुलगी, पासवर्ड मागायला आलेली."

बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"शब्द बदलले असते तर त्यांना पुसल्यासारखं झालं असतं. ठेवले असते तर ते रोज कुणाला ना कुणाला येतो म्हणत राहणार आणि येणार नाहीत. मला दोन्ही जमेना. म्हटलं आठवडाभर नाव काढून ठेवू, जरा बरं वाटलं की घालू. मग ते बरं वाटणं काही आलंच नाही. आणि कुणी विचारलंही नाही, जुळणी हल्ली गप्प का? इतकी वर्षं ते सगळ्यांच्या चुका धरत होते, आणि ते गप्प झालेले कुणाला कळलंही नाही."

"मलाही कळलं नाही," बाई म्हणाल्या.

"तू सांगणार आहेस ना साहेबांना?"

"त्या मुलीची काही चूक नसती तर सोपं होतं. तिची चूक आहे. पण विसरण्याची आहे. जाणूनबुजून केलेली गोष्ट तुझी आहे."

"मशीन काढून घेतील माझ्याकडून. मग मी कुठे बसू? इथे निदान ते येऊन गेलेले आहेत."

बाईंचा स्वतःचा कोपरा कुणी काढून घेतला असता तर त्यांनीही हेच विचारलं असतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे जिन्याखालच्या खोलीतली ती आवरलेली पिशवी आली.

"बैठकीत मी बोलायला उभी राहीन," त्या म्हणाल्या. "माझं संपायच्या आत तू आलास तर तू सांग. नाही आलास तर मला सांगावं लागेल."

६

बैठकीच्या खोलीत मोठी स्क्रीन भिंतीवर होती. साहेब, रिलीजवाला, दाराजवळ नवी मुलगी, मांडीवर पिशवी. चिरंजीवची खुर्ची रिकामी होती.

चाळणबाई सावकाश बोलल्या, आयुष्यात कधी बोलल्या नसतील इतक्या सावकाश. मुलीने हिरवं आलेलं बिल्ड परत का चालवलं ते सांगितलं. कुलपांच्या यादीतली ती एक ओळ दाखवली. "ही मुलगी तेव्हा नवी होती. कुठल्या कुलपाचं नाव कुठे बसतं हे तिला ठाऊक असणं शक्य नव्हतं. ते ठाऊक असलेल्या माणसाने हे केलं."

रिलीजवाला चुळबुळत उभा होता. "मग माझ्यावर खापर फोडताय का?"

"तुमच्यावर नाही. तुम्हाला कुलपांची एक तरी यादी कुठे असते ते सांगता येईल का?"

त्याने घड्याळाकडे पाहिलं.

"मग कोण, बाई?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. तात्यांच्या मुलाचं नाव घ्यायचं होतं, तेही तात्यांच्याच फाइलच्या वतीने. मुलगी खाली मान घालून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. बाईंनी ठरवलं, आणि नाव ओठांवर आलं.

तेवढ्यात दार उघडलं.

"मी काढलं," चिरंजीव दारातूनच म्हणाला. हातात त्याचा लॅपटॉप होता. "हिला काही माहीत नव्हतं. इस्पितळाला भोवलेली चूक तिने केली असेल, पण ती पकडणारा मी काढून ठेवला होता. साहेब, काय करायचं ते नंतर करा. आधी मला हे परत घालू द्या."

त्याने लॅपटॉप भिंतीवरच्या स्क्रीनला जोडला, सगळ्यांसमोर यादीत जुळणीचं नाव टाइप केलं आणि बिल्ड लावलं. मुलीची चूक अजून तशीच होती, कुणी दुरुस्त केलेली नव्हती. ओळी सरकत राहिल्या. रिलीजवाला, कधी नव्हे तो, खुर्चीवर बसला.

मग अख्खी भिंत लाल झाली.

अरे शहाण्या, दोन याद्या जुळत नाहीत. घाबरू नकोस, कशाला हात लावू नकोस. बसल्या जागी थांब. मी येतोय.

लांब कोपऱ्यात, बाईंच्या टेबलाशेजारी, तात्यांच्या टेबलावरची घंटी वाजत होती. ती बंद करायचं इतक्या महिन्यांत कुणालाच सुचलं नव्हतं. साहेबांनी दाराकडे पाहिलं. रिलीजवाल्याने पाहिलं. ज्या मुलीने तात्यांना कधी बघितलंही नव्हतं, तिनेही पाहिलं.

साहेबांनी समोरचं पत्र उचलून आडवं फाडलं. "तुझ्याशी उद्या बोलतो," ते चिरंजीवला म्हणाले. आवाजात राग होता, पण तो त्यांना नीट धरता येत नव्हता. "आणि इस्पितळाला फोन मी स्वतः करतो. त्यांना खरं काय ते कळलं पाहिजे."

चिरंजीव जागचा हलला. टेबलाला वळसा घालून तो लॅपटॉपसकट मुलीपाशी गेला, एक खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसला. मुलगी घाबरून बाजूला सरकली.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "दुसरी यादी उघड. बघू कुठे राहिलं."

तिने पिशवी खाली ठेवली आणि लॅपटॉप आपल्याकडे वळवला. दोघं स्क्रीनवर वाकले. साहेब फोन लावायला बाहेर गेले, रिलीजवाला त्यांच्या मागे गेला. तिकडे घंटी वाजायची थांबली होती.

चाळणबाई मात्र अजून दाराकडेच बघत होत्या.